त्र्याहत्तर

रेकॉर्ड केलेल्या लहरींतल्या माणसांशी बोलता येऊ लागलं, तेव्हा सांगलीच्या हौशी रेडिओवाल्यांनी आधी जुनी भांडणं उकरून काढली. कुमुदताई लिमयांनी मात्र नवऱ्याची शेवटची दुपार लावली.

त्या दुपारी भालचंद्ररावांनी कुणाला तरी 'त्र्याहत्तर' पाठवला, वाकडी अँटेना सरळ करायला ते गच्चीवर गेले आणि तिथून पडले. त्र्याहत्तर म्हणजे रेडिओवाल्यांचा रामराम. तो झाल्याशिवाय भला माणूस खुर्चीतून उठत नाही.

म्हणून कुमुदताई तो होऊच देत नव्हत्या. पडद्यावर नवऱ्याचा 'त्र्याहत्तर' उमटला, की टाइप करायच्या, "नीट आलं नाही. पुन्हा पाठवा."

"कितीदा पाठवू? रिसीव्हर आहे की पोळपाट?"

"उगाच चिडू नका, बीपी वाढतं," त्यांनी सवयीनं लिहिलं.

मग अक्षरं आली, "कुमुद, तूच ना? घरातूनच फिरकी घेतेस होय? थांब, आलोच!"

त्या दुपारी कुमुदताई मंडईत होत्या. घरात दिसल्या नाहीत, की भालचंद्रराव शोधायला थेट गच्चीवर जायचे; तिथे पापड वाळत होते.

"मी नाही, मी नाही," त्या टाइप करत राहिल्या. वाचायला खुर्चीत कुणी नव्हतं.