निरोगी माणसाची नाडी

"आधी तुमचा हात, गुरुजी," वैद्य तिमोलास म्हणाला.

निकेरातोसने कुरकुरत मनगट पुढे केले. पलंगावर त्याची बायको मिर्तो डोळे मिटून पडली होती. चाळीस वर्षांच्या संसारात ती दिवसाढवळ्या कधी आडवी झाली नव्हती, आणि आता आठवडा झाला तरी उठत नव्हती. 

"अरे, आजारी ती आहे," तो म्हणाला.

"शिकवण तुमचीच," तिमोलास म्हणाला, आणि त्याने तळाला बारीक भोक असलेले पितळी भांडे पाण्याने भरले. पाणी संपेपर्यंत किती ठोके पडतात, ते तो मोजत असे.

शिकवण निकेरातोसचीच होती, हे खरे. अलेक्झांड्रियात काळावर बोलणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता, निदान त्याचे स्वतःचे मत तसे होते. पहिल्याच दिवशी त्याने वैद्याला धारेवर धरले होते.

"पाण्याने नाडी मोजतोस, पण पाणी नेमाने गळतंय हे कशाने मोजलंस? थंडीत ते सावकाश गळतं. काळ म्हणजे हालचालीची मोजदाद, बाबा. एक हालचाल दुसरीनेच मोजावी लागते, आणि मोजणारा जीव नसेल तर काळही नाही!"

तिमोलास एके काळी त्याच्याच ओसरीवर शिकलेला. त्याने मान खाली घातली. "मग रोज आधी एका निरोगी नाडीवर पाण्याची परीक्षा घ्यायला हवी. घरात निरोगी कोण आहे?"

"हे आहेत की," पलंगावरून क्षीण आवाज आला. "घोड्यासारखे."

निकेरातोसला बरे वाटले होते. तसा तो वैद्यांना दारात उभे करत नसे. धाकटा भाऊ वैद्यांचे इलाज चालू असतानाच दगावला, तेव्हा त्याने शपथच घेतली होती की आपल्यावर कुणाचा इलाज म्हणून चालू द्यायचा नाही. मागल्या वर्षी एका वैद्याला त्याने काठी घेऊन पिटाळले होते. पण मिर्तोने "तिमोलासलाच बोलवा" म्हटल्यावर तो स्वतः धावत गेला. धावत म्हणजे तीनदा बसत. हल्ली जिन्यातही तो मध्येच थांबे. शिष्यांनी विचारले तर म्हणे, "अर्धं अंतर संपल्याशिवाय पूर्ण संपत नाही, त्याचा विचार करतोय." शिष्य ते लिहून घेत.

आणि पाण्याची परीक्षा म्हणजे काही इलाज नव्हे.

तिमोलासने त्याचे ठोके मोजले, मेणाच्या पाटीवर आकडा कोरला आणि मग मिर्तोचे मनगट हातात घेतले. पाणी गळत राहिले. निकेरातोस श्वास रोखून वैद्याचा चेहरा वाचत होता.

"कशी आहे?"

"नाडी फार धावतेय. पण हाताबाहेर गेलेलं नाही. रानकांद्याचा काढा चालू ठेवा."

काढा भयंकर कडू होता. "आधी तुम्ही घ्या, नाहीतर मी शिवणार नाही," मिर्तो रोज हट्ट धरी. तो नाक दाबून अर्धा पेला रिचवी आणि उरलेला तिच्या हातात देई. तिला खारवलेल्या मासळीचा वास सोसत नव्हता, म्हणून घरात मासळी बंद झाली. ती जवाची पेज खाई, म्हणून तोही पेजच खाई. दुपारी ती म्हणे, "जवळ पडा ना जरा, एकटीला भीती वाटते." मग वर्ग सोडून तो तिच्या शेजारी पडून राही आणि तिच्या आधी घोरू लागे.

एकदा तो उगाच रडला. "अगं, तू गेलीस तर माझे दिवस कोण मोजणार?"

"हे मोठे तत्त्वज्ञ!" तिने त्याची दाढी ओढली. "मी कुठेही जात नाही. काढा घेतलात का?"

तिचे गाल लालबुंद होते. ताप असणार, असे मनाशी म्हणत त्याने तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली.

एकविसाव्या दिवशी तिमोलासने नेहमीप्रमाणे दोन्ही मनगटे पाहिली, भांड्यातले उरलेले पाणी खिडकीतून फेकले आणि हसला. "आली ताळ्यावर. आता रोज यायला नको. काढा मात्र सुटता कामा नये."

मिर्तो ताडकन उठली, केस बांधले आणि चुलीकडे गेलीसुद्धा. निकेरातोसला आनंदाने काही सुचेना. तो धावत खाली गेला, तळघरातली मधाची बरणी घेऊन वर आला आणि ती वैद्याच्या हातात कोंबली. पायांतल्या वहाणा फटफटत होत्या. महिन्यापूर्वी त्या इतक्या आवळत की बंद लागत नसत. कातडे सैल पडले असावे.

"ती पाटी मला दे," तो म्हणाला. "हिचे आकडे कसे उतरत गेले ते शिष्यांना दाखवतो. मोजणारा जीव म्हणजे काय, ते तरी कळेल गाढवांना."

तिमोलासने चुलीकडे पाहिले.

"द्या हो," मिर्तो वळूनही न बघता म्हणाली. "आता कुठे पळून जातायत!"

निकेरातोसने पाटी उजेडात धरली. नाड्या दोन, तेव्हा आकड्यांच्या रांगाही दोन हव्या होत्या. रांग एकच होती, एकशे बारापासून चौऱ्याहत्तरपर्यंत उतरत आलेली. आणि सगळ्यात वर, तिमोलासच्या बारीक अक्षरात, रुग्णाचे नाव कोरलेले होते: निकेरातोस.