मोड आलेली नाचणी

“सगळं बी एका घरात ठेवू नये, म्हणून ही पिशवी तुझ्याकडे देतेय. खायची नाही हं,” असं यमूआत्यांनी बजावलं होतं. केतकी तेव्हा हसली होती. “अहो आत्या, बियाणं आता जहाजं भरभरून येतं!” मग तिने पिशवीतली ती नाचणी भिजवून फडक्यात बांधली. पांढरेशुभ्र मोड आले. त्याचं सत्त्व करून तिने तान्ह्या रेवाला भरवलं.

आज तिने बाजारातल्या नाचणीची पुरचुंडी सोडली, तर नुसताच आंबूस वास आला. मोड एकाही दाण्याला नव्हता. परदेशी कंपनीच्या औषधात भिजवल्याशिवाय विकतचं कुठलंच धान्य आता रुजत नसे, आणि यंदा औषधाची जहाजंच आली नव्हती. शेतं ओस पडली होती.

तेवढ्यात आत्यांचा फोन आला. “अगं, माझ्या कणगीत पाणी शिरलं. सगळं कुजलं बघ. तुझ्याकडची पिशवी आहे ना? गाव पेरणीला थांबलंय.”

मांडीवर रेवा रिकामा चमचा चोखत होती.

“आत्या... ती रेवाने खाल्ली.”



“पोरीच्या अंगी लागली ना? मग झालं,” म्हणून आत्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी तो उचललेलाच नाही.

तान्हं लेकरू घेऊन केतकीला घाट उतरवत नाही. म्हणून ती तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला विनवते, तुम्हालाही विनवतेय: उतारावरचं शेवटचं घर आत्यांचं. त्यांची चूल पेटतेय का, तेवढं बघून याल?