अकरा वर्षांत एकही नाही

पहिला धावपटू भलत्याच बाजूने आला.

आमचं सगळं तिझी गाव देवदारांच्या उताराकडे डोळे लावून उभं होतं. बायकांनी टाळ्यांसाठी हात उचलून ठेवले होते. आणि घिलास आला तो सगळ्यांच्या पाठीमागून, खालच्या ऑलिव्हच्या मळ्यातून. ओठांना तेल लागलेलं, मुठीत सुके अंजीर आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू.

"कुठून उगवलास रे?" फेरूजाबाईंनी विचारलं. ही शर्यत त्याच भरवतात. एरवी शाळेत शिकवतात, त्यामुळे त्यांचा साधा प्रश्नही हजेरी घेतल्यासारखा येतो.

"लाल चिंध्या होत्या तसा आलो, बाई. इघिल गावातून."

इघिल! शर्यतीची वाट खिंडीवरून सरळ तिझीत उतरते. ती इघिलला कधीच गेलेली नाही. तो वळसा म्हणजे चांगले दोन किलोमीटर जास्त.

सगळ्यांच्या माना दा मोक्रानकडे वळल्या.

बेचाळीस किलोमीटर डोंगरात लाल चिंध्या बांधून वाट दाखवायची, हे काम सदुसष्ट वर्षांच्या दा मोक्रानचं. त्याची गाठ शेळीच्या दाव्याची, उलट्या हाताची. वाऱ्याला सुटत नाही, शेळीला सुटत नाही, माणसाला तर नाहीच नाही. शर्यतीनंतर चिंध्या उतरवायला जाणारे सुरी घेऊनच जातात आणि वाटभर त्याच्या नावाने बोटं मोडतात. दरवर्षी शर्यत सुटताना तो भोंग्यावर एकच वाक्य ठणकावतो, "माझ्या वाटेवर आजवर एकही माणूस चुकलेला नाही!" आज सकाळी मात्र घसा बसलाय म्हणाला आणि भोंगा बाईंच्या हातात दिला.

"दा मोक्रान, हे काय झालं?" बाई म्हणाल्या.

दा मोक्रान आपल्या बुटांकडे बघत राहिला. "माझं चुकलं. डोळे गेले आता."

"डोळे गेले म्हणे!" अकली खाटीक उसळला. "काल शंभर पावलांवरून माझी मेंढी लंगडते ते ओळखलंस! अरे, हे काम इघिलवाल्यांचं. शर्यतीच्या बैठकीत रडत नव्हते का, पाहुणे सगळे तिझीला, आमच्या दारावरून कुत्रंसुद्धा धावत नाही म्हणून? पहाटे उठून चिंध्या कापल्या आणि नेल्या आपल्या गल्लीत. तुझी बहीण तिथे दिलीय, म्हणून पांघरूण घालतोस तू!"

"बहिणीचं नाव काढू नकोस," दा मोक्रान एवढंच बोलला.

तोवर बाकीचे धावपटू येऊ लागले. दमलेले होते, पण रागावलेला एकही नव्हता. कुणाच्या खिशात अक्रोड, कुणाच्या हातात गरम भाकरीचा तुकडा. बिजाया शहराहून आलेली एक नर्स तर हसता हसता रडत होती.

"एक म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती," ती सांगत होती. "माझा हात धरला, विचारलं, 'कुणाची गं तू?' मी आईचं नाव सांगितलं. तर केवढ्याने ओरडली, 'शाबास, झाहियाच्या लेकी!' आई जाऊन सहा वर्षं झाली हो. पुढचा चढ कधी संपला, मला कळलंच नाही."

शेवटचा त्रेसष्टावा आला आणि मगच ताटं वाढली गेली. आमच्याकडे शेवटचा पोचल्याशिवाय कुणी घास घेत नाही.

बाईंनी मात्र ताट बाजूला सारलं. धावपटूंचं काहीही म्हणणं असो, डोंगरात वाट चुकणं म्हणजे खेळ नाही. उद्या धुकं असलं तर? त्या दा मोक्रानसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पुढच्या वर्षी वाट दुसरं कुणीतरी आखेल. माझा नाइलाज आहे."

"बरं," दा मोक्रान म्हणाला. खांद्यावरची चिंध्यांची पिशवी काढून त्याने टेबलावर ठेवली आणि तो पाणी वाटायला निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. बाईंना लहानपणी डोंगर चढायला त्यानेच शिकवलं होतं, आणि आज भर गावात त्यांनीच त्याला मान खाली घालायला लावली होती.

त्या तडक इघिलला निघाल्या. "कबुली घेऊनच येते," अकलीला म्हणाल्या. "इघिलवाले कबूल झाले, की दा मोक्रानची पिशवी त्याच्या खांद्यावर मी स्वतः अडकवीन."

इघिलच्या वळणावरच पहिलं घर लागलं. दारातल्या अंजिराच्या फांदीला लाल चिंधी होती आणि खाली खुर्चीत म्हातारी. नना तसादीत, दा मोक्रानची थोरली बहीण. मांडीवरची अंजिरांची टोपली रिकामी झाली होती.

"ये गं मास्तरीण! तूही धावतेस?"

"नाही, नना. चिंध्या काढायला आलेय." कबुलीची भाषा म्हातारीपुढे कशी काढायची, ते बाईंना सुचेना.

"त्रेसष्ट जण गेले. त्रेसष्टांचे हात धरले मी. पाय चालत होते तोवर दरवर्षी खिंडीत चढून बघायचे. दोन वर्षं झाली, हे दार सुटत नाही. आणि आज बघ, सगळा डोंगर माझ्या दारावरून गेला." म्हातारी खुर्चीत ताठ झाली. "वाट कुणाची आहे, माहीत आहे ना? माझ्या भावाची. पाठीशी बांधून वाढवलाय मी त्याला. अकरा वर्षांत त्याच्या वाटेवर एकही माणूस चुकलेला नाही!"

बाईंनी फांदीवरच्या चिंधीला हात घातला. गाठ उलट्या हाताची, सुटेना. दोन्ही हातांनी ओढली, नख मोडलं, दात लावले. सुटेना.

"अकरा नाही, नना, आजची धरून बारा," बाई म्हणाल्या. "बारा वर्षांत एकही नाही. जरा सुरी देतेस?"