गुलाबच्या गाडीचं तोंड

गुलाबच्या गाडीचा पहिला बोल्ट ढिला झाला आणि कौतिकचा हात तिथेच थांबला. समोर हिलाल मिस्त्री बॉनेट धरून उभा होता.

“मायले फसाडानं बरं नही, भाऊ,” हिलाल म्हणाला.

“ती जेवत नही, हिलाल. मरी जाई ती.” कौतिकने पाना पुन्हा लावला.

कौतिक आणि गुलाब, दोघा भावांना गाड्यांचं भलतंच वेड. शिंदखेड्याकडचे लोक पैसा आला की म्हशी घेत. यांनी ब्याण्णव साली मुंबईहून दोन ठोकलेल्या जपानी स्पोर्ट्स गाड्या आणल्या आणि धुळ्याच्या आपल्या गॅरेजात पुन्हा उभ्या केल्या. गाड्या सख्ख्या बहिणीच. बॉनेट, मडगार्ड, बंपर, एकीचं दुसरीला बसे. तोंडं तेवढी वेगळी. कौतिकच्या गाडीचे दिवे साधे, उघडे. गुलाबच्या गाडीचे दिवे आत लपलेले, बटण दाबलं की झाकणासकट वर उठत. आईच्या, द्रौपदाबाईच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. समोरचा माणूस तिला ओळखू येत नसे. पण गावच्या वळणावर दिवे वर उठले की ती सांगे, गुलाब आला.

मग एरंडोलजवळ त्याच्या गाडीला ट्रकने मागून धडक दिली. गुलाब बाहेर फेकला गेला आणि जागीच संपला. गाडी मागून चेपली, पुढे ओरखडाही नाही. गुलाबचा चेहरा मात्र बघण्यासारखा उरला नव्हता. त्याला झाकून आणलं, झाकूनच नेलं. आईला चादर उचलू दिली नाही. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, तो माझा गुलाब नव्हता, लोक खोटं सांगतात. तिने अन्न सोडलं. कौतिक नदीवर दहावा उरकून परस्पर धुळ्याला निघून आला. अपघातापासून एकदाही तिच्यासमोर उभं राहायची त्याची छातीच झाली नाही. मग मंदामावशीचा निरोप आला, आता ती पाणीही घेत नाही.

म्हणून हा उद्योग, गुलाबच्या गाडीचं तोंड आपल्या गाडीला बसवायचं आणि गुलाब बनून तिच्याकडे जायचं. एकदा जेवू दे, अंगात बळ येऊ दे, मग हळूहळू खरं सांगू. वेडेपणाच होता. पण बिचारा दुसरं काय करणार? त्याला गाड्या जोडण्यापलीकडे काही येत नव्हतं.

दिवेलागणीला गाडी वळणावर आली. कौतिकने बटण दाबलं. ओट्यावर बसलेली आई भिंत धरून उठली.

“गुलाब! उना का रे बेटा?”

“हाव, माय.” दोघा भावांचा आवाज सारखाच होता.

तिने त्याचे ऑइलने काळवंडलेले हात चाचपले, छातीशी धरले आणि रडता रडता हसू लागली. मंदामावशीने ताट आणून ठेवलं. कौतिकने भाकरी आमटीत कुस्करली आणि घास भरवायला सुरुवात केली. आई खात होती. भराभरा, लहान पोरासारखी खात होती. कौतिकचा जीव भांड्यात पडला. हिलालला उगाच भीती वाटली, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

एकाएकी तिने त्याचा घासाचा हात दूर सारला.

“गुलाब... मंग तो झाकेल व्हता, तो मन्हा कौतिक व्हता का रे?”