एकाचीच पावलं

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण नीट कान देऊन ऐका, कारण जिची ही गोष्ट तिला दिसत नाही. देवाने पाय मात्र तिला असे दिले, की घरात नावच पडलं भिंगरी.

भिंगरीने मोठ्या शर्यतीत पदक मिळवलं आणि तिच्यावर चित्रपट निघाला. आज त्याचा पहिला खेळ. पुढच्या रांगेत ती, शेजारी तिचा दादा. धावपट्टीवर वीतभर दोरीचं एक टोक तिच्या बोटांत असायचं, दुसरं त्याच्या. तो बरोबरीने धावायचा, 'वळण', 'सरळ' असं सांगत राहायचा आणि शेवटच्या रेषेशी, नियमच तसा, पाऊलभर मागे राहायचा. आजही तोच तिच्या कानाशी लागून पडद्यावरचं सांगत होता.

अर्धा चित्रपट सरला. पडद्यावर दादा आलाच नव्हता. तेवढ्यात भिंगरीने विचारलं,

"तू यात बोलत कसा नाहीस रे?"

"आहे की मी. मागे उभा आहे. तसाही मी कमीच बोलतो."

"कमी? कान किटायचे माझे." ती हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी तुझ्या अंगावर बूट फेकला होता, ते झालं का?"

"ते नाही घेतलं."

"दोरी टाकून घरी निघाले होते, ते?"

"तेही नाही."

"म्हणजे ही कुणावर चिडत नाही, हट्ट करत नाही, जन्मापासून शहाणी. मग धावते कशाला?"

शेवटची शर्यत सुरू झाली होती. पडद्यावरची मुलगी हात पसरून एकटीच सुसाट सुटली. दादाच्या मनात आलं, खरंच अशी सोडली असती, तर पहिल्याच वळणावर पोर कठड्यावर आदळली असती.

"आता काय चाललंय?"

"धावतोय आपण. मी तुझ्या डावीकडे."

भिंगरीची बोटं नसलेल्या दोरीभोवती मिटली. ती ऐकत राहिली. मग बोटं सावकाश सुटली.

"दादा, वळण येऊन गेलं असेल. तू 'वळण' म्हणाला नाहीस. आणि पावलं एकाचीच आहेत."

दिवे लागले, टाळ्या पडल्या. दिग्दर्शक हसत पुढे आला. "कसा वाटला, ताई?"

"दादा कुठाय यात?"

"अहो, दोघं धावताना दिसले की लोक बघणार कुणाकडे? नायिका एकटी कशी उठून दिसते."

भिंगरी त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही.

"यांनी तुला काढलं, ते कळलं," ती दादाला म्हणाली. "पण तू मला खोटं सांगितलंस. धावपट्टीवर कधी नाही सांगितलंस."

"तुझा आजचा दिवस बिघडू नये म्हणून," दादा म्हणाला.

दोघं बाहेर आली. "पायऱ्या," तो नेहमीसारखा म्हणाला. इतकी वर्षं त्याच्या एका शब्दावर तिचं पाऊल बेधडक पडायचं. आज भिंगरी थांबली. बुटाचं टोक पुढे करून तिने आधी पायरी चाचपून पाहिली.

तो चित्रपट जरूर बघा. पण पडद्यावर ती धावताना वळण आलं, की क्षणभर डोळे मिटा आणि त्या दादाची आठवण ठेवा.