बाराला पाच कमी

विधानसभेचं अधिवेशन दुपारी बाराला संपणार होतं आणि तुरुंगात लेम स्टोव्हरला फाशीही बारालाच होती. लेमचा खटला हरलेला वकील ऑर्विल टारवॉटर त्याच सभागृहात आमदार होता. फाशीच बंद करणारं त्याचं विधेयक अजून रखडलेलं होतं.

बाराला पाच कमी असताना त्यानं दारावरच्या म्हाताऱ्या गसला खूण केली. गसनं काठीनं भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक थांबवला. घड्याळात बारा वाजत नाहीत तोवर अधिवेशन चालू, हा तिथला जुना रिवाज.

"घे टारवॉटर, तुझ्यासाठी सूर्य थांबवला!" कोणीतरी ओरडलं.

ऑर्विल भांडला, हातापाया पडला, एकेक मत ओढून आणलं. मधूनच घड्याळाकडे बघितलं की त्याला धीर येई. अखेर विधेयक मंजूर झालं. गव्हर्नरनं तिथंच सही ठोकली. वीस वर्षांच्या आमदारकीत ऑर्विलचा हा पहिलाच कायदा.

धापा टाकत त्यानं तुरुंगात फोन लावला. "जेलरसाहेब, फाशी रद्द! बाराच्या आत कायदा झालाय. लेमला हात लावू नका!"



"वकीलसाहेब," जेलर हळूच म्हणाला, "आमच्याकडचं घड्याळ कोणी थांबवत नाही हो."