पहिल्या प्रतीची जमीन

माती-तपासनीस छातीइतक्या खोल खड्ड्यात उतरला होता. त्याने चिमूटभर माती पाण्याने भिजवली, तळहातावर वळली. सुतळीसारखी वळी झाली आणि तुटली नाही.

"अहो साहेब, मुलगी बघायला आल्यासारखं काय निरखताय?" काठावरून थोरली जाऊ म्हणाली. "पसंत आहे की नाही, सांगून टाका एकदाचं."

धाकटी हसली नाही. नवरे गेल्यापासून या दोघी जावाच नदीकाठची ही जमीन कसत होत्या. आता तिथे गोदामं येणार होती. जमीन हलकी ठरली तर ताब्यात जाणार होती. पहिल्या प्रतीची ठरली, तर मात्र नियमानुसार ती कोणालाच घेता येणार नव्हती. सगळं या माणसाच्या अहवालावर अडलं होतं. आणि कचेरीत याला 'कंजूष' म्हणत, कारण बावीस वर्षांत त्याने एकाही जमिनीला पहिली प्रत दिली नव्हती.

तो वर आला. हात झटकायचंही त्याला सुचलं नाही.

"ताई," तो थोरलीला म्हणाला, "अशी माती मी फक्त पुस्तकात वाचली होती."

अहवाल लिहायला त्याने आठ दिवस घेतले. कोणी बोट ठेवू नये म्हणून काही म्हणजे काही सोडलं नाही. वरचा थर दीड हात, काळा, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेला. त्याखाली नुसता मुरूम. कुठलंही झाड, कुठलंही पीक या थरात जोमाने येईल.

"एवढं कशाला रंगवलंय?" वरिष्ठांनी विचारलं.

"रंगवलं नाही साहेब, मोजलंय."

दीड महिन्याने प्रस्ताव बारगळला. गोदामं पलीकडच्या खडकाळ माळावर गेली. त्या संध्याकाळी तपासनीस शीळ घालत घरी आला, तेव्हा बायकोने ताप आहे का म्हणून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग एका सकाळी धाकटीचा फोन आला. "दादा, असाल तसे या."

तो पोहोचला तेव्हा निम्मं शेत खरवडून झालं होतं. उघडा पिवळा मुरूम उन्हात डोळ्यांवर येत होता. दोन यंत्रं उरलेली माती ओढत होती, डंपर भरभरून माळाकडे जात होते. थोरली बांधावर बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मुकादमाने माती उचलण्याचा सरकारी परवाना पुढे केला. माळावरच्या गोदामांभोवती बाग करायची होती, त्यासाठी उत्तम माती हवी होती. सोबत तपासनिसाचाच अहवाल जोडला होता. 'जोमाने येईल' या शब्दांखाली कोणीतरी लाल रेघ मारली होती.

"ही जमीन घेता येत नाही!" तपासनीस ओरडला. "पहिल्या प्रतीची आहे ही!"

"घेतंय कोण, साहेब?" मुकादम समजुतीच्या सुरात म्हणाला. "जमीन यांचीच राहणार. आम्ही फक्त माती नेतोय."